पामर पेढीचा परवाना

खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता म्हणजे व्यापाऱ्याचा वकील, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ झाली आहे. व्यापाऱ्यास नफा हवा असतो आणि सरकारचा हात आपल्या गल्ल्यापासून दूर असावा असे त्यास वाटते. तेव्हा सरकारने बाजारात ढवळाढवळ करू नये असे सांगणारे पंडित त्याच्याच पदरचे असले पाहिजेत, असा हा तर्क आहे. तर्क सोपा आहे, परंतु ज्यांनी ह्या शास्त्राचा पाया घातला त्यांचे ग्रंथ उघडून पाहिले तर तो टिकत नाही. ॲडम स्मिथ ह्या स्कॉटिश प्राध्यापकाचा प्रसिद्ध ग्रंथ १७७६ साली प्रकाशित झाला. त्यात राजापेक्षाही व्यापाऱ्यांवर अधिक कडक शब्द आढळतात. व्यापारी जेव्हा कायदा करणाऱ्यांच्या दारी एखादी सूचना घेऊन जातात, तेव्हा ती अत्यंत संशयाने तपासून पाहावी, कारण त्यांचा स्वार्थ आणि जनतेचे हित ही क्वचितच एक असतात, असे त्याचे म्हणणे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीवर तर त्याने पानेच्या पाने खर्ची घातली आहेत.

म्हणजे भांडण व्यापारी आणि सरकार ह्यांच्यामधले नाही. भांडण आहे ते ह्या दोघांच्या सोयरिकीशी. ही सोयरीक कशी जुळते, तिचा खर्च कोणाच्या माथी बसतो आणि ती मोडणे इतके अवघड का जाते, हे समजून घ्यावयाचे तर परदेशात जाण्याचे कारण नाही. हैदराबाद शहरात, मुसी नदीच्या उत्तर तीरावर, कोठी नावाच्या भागात ब्रिटिश रेसिडेंटचा एक भव्य वाडा आहे. पुढे त्यात मुलींचे महाविद्यालय भरू लागले. त्या वाड्याच्या आसऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक पेढी उभी राहिली. 'विल्यम पामर आणि कंपनी' हे तिचे नाव. मराठीत 'पामर' म्हणजे बापडा, दीनवाणा मनुष्य. पण ह्या पामराने निजामाचे सारे संस्थान आपल्या खातेवहीत बसविले होते.

ह्या घराण्याचा महाराष्ट्राशी जुना परिचय होता. पेढीचा संस्थापक विल्यम पामर ह्याचे वडील जनरल पामर हे पेशव्यांच्या दरबारी पुण्यास इंग्रजांचे वकील होते. १८०० साली नाना फडणवीस वारले तेव्हा मराठी राज्यातील शहाणपण त्यांच्याबरोबरच गेले, असा अभिप्राय ज्याने कळविला तोच हा पामर. त्याची पत्नी फैज बक्ष ही उत्तर हिंदुस्थानातील खानदानी मुसलमान स्त्री होती. त्यांचा मुलगा विल्यम प्रथम निजामाच्या फौजेत नोकरीस होता. फारसी व उर्दू त्यास मातृभाषेसारख्या येत. दरबारात कसे बसावे, कसे बोलावे हे तो जाणत होता आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावरही त्याचे आसन असे. १८१० च्या सुमारास त्याने फौज सोडून सावकारी आरंभिली. बनकटीदास नावाचा गुजराती सावकार त्याचा भागीदार झाला. गोदावरीच्या काठचे सागवान नदीतून खाली सोडावे आणि समुद्रकाठी कोरिंगा येथे जहाजे बांधावी, असाही एक बेत होता. इथवरच्या हकीकतीत आक्षेप घेण्यासारखे काहीच नाही. उलट अशा माणसाला कोणीही उद्योगी म्हणेल.

त्या काळच्या निजामशाहीची स्थिती मात्र कोणत्याही सावकाराच्या तोंडाला पाणी सुटावे अशीच होती. गादीवर सिकंदरजाह होता, पण कारभारात त्याचे मन नव्हते. खरी सत्ता पेशकार राजा चंदूलाल ह्याच्या हाती होती, आणि चंदूलालची सत्ता रेसिडेंटच्या मर्जीवर टिकून होती. ही मर्जी राखण्याची किंमत रोख होती. रेसिडेंट हेन्री रसेल ह्याने निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली फौज उभी केली होती. तिला लोक 'रसेल ब्रिगेड' म्हणत. तिचा पगार दरमहा आणि नाण्यात द्यावा लागे. वसूल मात्र सुगीवर यावयाचा, आणि तोही इजारदारांच्या हातून. तालुक्याचा वसूल लिलावात जो जास्त बोली करील त्यास मक्त्याने द्यावयाचा, आणि मग त्याने रयतेकडून किती व कसा काढला ते विचारावयाचे नाही, अशी पद्धत होती. (रोमन साम्राज्यातही कराचे असेच मक्ते दिले जात. नव्या करारातील जकातदारांविषयी लोकांच्या मनात एवढा तिटकारा का होता, हे ह्या पद्धतीवरून ध्यानी येते.) बीड, परभणी, नांदेडचा कुणबी ह्या इजाऱ्याखाली पिळून निघत होता, तरी खजिना रिकामाच राही. अशा दरबाराला कर्ज हवे होते. ते रोजच्या रोज हवे होते.

आता कर्ज देणारे हैदराबादेत थोडे नव्हते. बेगम बाजारात मारवाडी, गुजराती, गोसावी सावकारांच्या पेढ्या होत्या. ते दरबाराला पैसे देत, पण भीतभीत देत. दरबाराने रोखा बुडविला तर दाद कोणाकडे मागावयाची? सावकाराला कोर्ट नव्हते; दाराशी धरणे धरून बसणारा अरब शिपाई हेच त्याचे कोर्ट. म्हणून व्याजाचा दर जबर असे. शेकडा चोवीस-पंचवीस हा दर आज ऐकावयास भयंकर वाटतो. पण त्यातला बराचसा भाग पैशाचे भाडे नसून भीतीचे भाडे होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. मुद्दलच बुडेल की काय, ह्या धास्तीची ती किंमत होती.

इंग्रजांना मात्र ह्या धंद्यात उतरण्यास बंदी होती. कर्नाटकच्या नबाबाला मद्रासच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी खाजगी कर्जे देऊन जो अनर्थ केला, त्यावरून धडा घेऊन पार्लमेंटने १७९७ साली एक कायदा केला होता. कंपनी सरकारच्या लेखी संमतीवाचून कोणाही ब्रिटिश प्रजाजनाने देशी राजाला कर्ज देता कामा नये, असे त्यात होते. कायदा चांगला होता. गरजू राजा एका बाजूला, आणि तलवार बाळगणाऱ्या सरकारचे नातलग दुसऱ्या बाजूला, असा व्यवहार सरळ होणार नाही हे त्याच्या कर्त्यांनी ओळखले होते. पण कायद्यात एक खिडकी ठेवलेली होती. संमतीवाचून देऊ नये, म्हणजे संमती मिळाली तर द्यावे.

१८१४ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या सरकारने पामर पेढीच्या व्यापारास अनुमती दिली, आणि १८१६ साली १७९७ च्या कायद्याच्या बंधनातून तिला मोकळे केले. अशी सूट दुसऱ्या कोणत्याही इंग्रज पेढीस हैदराबादेत मिळालेली नव्हती. ह्या सुटीचे मर्म नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचे सारे रामायण त्यातच आहे. बंदी सर्वांना होती तोवर पामर हा अनेक सावकारांतला एक होता. बंदी सर्वांना उठली असती तर मद्रास-कलकत्त्याच्या पेढ्या हैदराबादेस धावल्या असत्या आणि चढाओढीने व्याज उतरले असते. पण बंदी कायम ठेवून एकालाच सूट दिली. आणि जो कायदा निजामाच्या रक्षणासाठी केला होता तोच पामरच्या दुकानाभोवतीचे कुंपण बनला.

शिवाय त्या परवान्याला एक न लिहिलेला अर्थ होता. बाजारातल्या प्रत्येक माणसाने तो वाचला. ही पेढी कंपनी सरकारची लाडकी आहे, रेसिडेन्सीचे दार तिला उघडे आहे, तिचा रोखा बुडविणे म्हणजे रेसिडेंटचा रोष ओढवून घेणे, असा तो अर्थ. ठेवी आपोआप येऊ लागल्या. रेसिडेन्सीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही आपली शिल्लक तेथे गुंतविली. दरबारने औरंगाबाद व वऱ्हाड भागातील फौजेचा पगार देण्याचे काम पेढीकडे सोपविले आणि त्याच्या मोबदल्यात मुलखाच्या महसुलावर वराती लिहून दिल्या. म्हणजे पैसा बुडण्याची भीती गेली. कारण वसूल पेढीच्याच हाती येऊ लागला. भीती गेली, पण भीतीचे भाडे मात्र चालूच राहिले. व्याज शेकडा पंचवीसच्या आसपास ते होतेच. चोवीस टक्क्यांनी चक्रवाढ धरली तर शंभराचे दोनशे व्हावयास सव्वातीन वर्षे पुरतात. सहा टक्क्यांनी बारा वर्षे लागतात. शाळेतल्या सातवीच्या मुलालाही हा हिशेब करता येईल. दरबारच्या मुत्सद्द्यांना तो येत नव्हता असे नाही. तो करण्याची त्यांना इच्छा नव्हती.

हेस्टिंग्जसारख्या मातबर माणसाने हे का होऊ दिले? सर विल्यम रम्बोल्ड नावाचा एक तरुण सरदार त्याच्याबरोबर हिंदुस्थानात आला होता. रम्बोल्डची पत्नी हेस्टिंग्जच्या घरी वाढलेली, त्याच्या पालकत्वाखालची मुलगी. हा रम्बोल्ड पामर पेढीत भागीदार झाला. हेस्टिंग्जने स्वतः एक रुपयाही खाल्ल्याचा पुरावा कधी सापडला नाही, आणि त्याच्या प्रामाणिकपणाविषयी त्याच्या विरोधकांनीही शंका घेतली नाही. ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. लाच घेणारा अधिकारी ओळखू येतो, त्याला पकडताही येते. परंतु आपल्या माणसाचे बरे व्हावे, आणि त्यातच राज्याचेही बरे आहे, अशी ज्याची मनापासून समजूत होते, तो सज्जन अधिकारी पकडावयाचा कसा?

१८२० साली कळस झाला. चंदूलालने साठ लाखांचे नवे कर्ज पेढीकडून काढण्याची परवानगी मागितली. फौजेचा तुंबलेला पगार चुकता करावयाचा, जुनी भारी व्याजाची देणी फेडावयाची, रयतेला तगाई देऊन ओसाड पडलेली गावे पुन्हा वसवावयाची, असे कागदावरचे हेतू होते. ते वाचून कोणाचेही मन द्रवावे. कलकत्त्याच्या कौन्सिलात दोन सभासदांनी विरोध केला. मते सारखी पडली. तेव्हा हेस्टिंग्जने आपले निर्णायक मत टाकून कर्ज मंजूर केले.

त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स मेटकाफ हा नवा रेसिडेंट म्हणून हैदराबादेस आला. पुढे १८३५ साली हंगामी गव्हर्नर जनरल असताना ज्याने हिंदुस्थानातील वर्तमानपत्रांवरची बंधने उठविली तोच हा गृहस्थ. त्यामुळे वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येकावर त्याचे थोडेसे ऋण आहे. हा मनुष्य चिकट होता. त्याने तालुक्यांतून फिरून उजाड गावे पाहिली आणि मग साठ लाखांचा शोध आरंभिला. जो शोध लागला तो असा. साठ लाख रुपये पेढीतून निघून खजिन्यात आलेच नव्हते. जुन्या खात्यावर जे कर्ज व व्याज साचले होते तेच बहुतांशी नव्या खात्यावर चढविले होते, आणि त्या रकमेत सुमारे आठ लाख रुपये पेढीच्या भागीदारांना 'बोनस' म्हणून धरले होते. रयतेच्या तगाईसाठी काढलेल्या कर्जातली तगाई रयतेपर्यंत पोचली नव्हती.

मेटकाफने हे कलकत्त्यास कळविले. त्याला प्रथम शाबासकी नव्हे, गव्हर्नर जनरलची नाराजी मिळाली. पण लंडनमध्ये कंपनीच्या संचालकांचा रोख मेटकाफच्याच बाजूचा होता. हेस्टिंग्ज १८२३ च्या आरंभी विलायतेस परतला आणि त्याच्या जागी आलेल्या जॉन ॲडम ह्याने पामर पेढीचे दरबाराशी सर्व व्यवहार बंद पाडले. मग प्रश्न उरला तो झालेले कर्ज फेडण्याचा. तो ज्या रीतीने सोडविला ती रीत ऐकून मन विषण्ण होते.

पूर्व किनाऱ्यावरचे उत्तर सरकार नावाचे जिल्हे निजामाने पूर्वी इंग्रजांना दिले होते. त्याबद्दल कंपनी सरकार दरसाल सात लाख रुपये पेशकश निजामास देत असे. ही निजामाची कायमची मिळकत होती. ना तिला दुष्काळ होता, ना इजारदार. आता असे ठरले की कंपनीने एकदाच ठोक रक्कम द्यावी आणि पेशकश कायमची बंद व्हावी. सहा टक्क्यांच्या हिशेबाने सात लाखांचे मुद्दल एक कोटी सोळा लाख सहासष्ट हजारांच्या घरात जाते. तेवढी रक्कम धरण्यात आली आणि तीतून पामर पेढीचे देणे चुकते केले गेले. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येणारे उत्पन्न एका पेढीच्या काही वर्षांच्या व्याजापायी विकले गेले. त्यानंतर पेढीला नवे व्यवहार मिळेनात. १८२४ साली ती बुडाली. खुल्या बाजारात तरून जाण्याइतके बळ तिच्या अंगी कधी आलेलेच नव्हते. तिचे खरे भांडवल तो परवाना होता, आणि तो जाताच तीही गेली.

रम्बोल्ड आपला हक्क सांगत पुन्हा हैदराबादेस आला आणि १८३३ साली तेथेच वारला. पामर तर १८६७ पर्यंत जगला. त्याच शहरात, लोकांच्या आदरात. चंदूलाल १८४३ पर्यंत अधिकारावर राहिला. इजारे चालूच होते. फौजेच्या पगाराचे देणे पुन्हा साचत गेले आणि १८५३ साली त्यापोटी सारा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. इजाऱ्याची मुळे सालारजंगाच्या सुधारणांनी आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने उखडली, पण वऱ्हाड निजामाकडे परत गेला नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पेढीचे भागीदार मूठभर होते आणि दंड भरणारे लाखो. मग लाखोंनी मूठभरांना का आवरले नाही? याचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन ह्याने १९६५ साली मांडले. समजा, दहा हजार कुटुंबांच्या खिशातून प्रत्येकी एक रुपया काढून तो एका माणसाला द्यावयाचा आहे. त्या एकाला दहा हजार मिळतात. तेवढ्यासाठी तो राजधानीस जाईल, वकील देईल, मेजवान्या घालील, नात्यागोत्याचा उपयोग करील. उलट पक्षी एका रुपयासाठी कोण आपले काम सोडून दरबारात खेटे घालणार? शिवाय त्या रुपयाचा पत्ताच लागत नाही. तो साखरेच्या भावात असतो, कापडाच्या भावात असतो, सरकारी कर्जाच्या व्याजात असतो. बीडच्या कुणब्याला इजारदार दिसत होता, त्याचा कोरडा अंगावर बसत होता; पण त्या इजारदारामागे चंदूलाल, चंदूलालमागे वराती आणि वरातीमागे कोठीतली एक पेढी आहे, हे त्याला कसे दिसावे?

पामरची गोष्ट अपवाद होती असेही नाही. त्याच हैदराबादेत १८८६ साली संस्थानातील खनिजांचा मक्ता दोघा इंग्रजांना मिळाला. त्यांनी लंडनमध्ये 'हैदराबाद डेक्कन कंपनी' काढली. भांडवलातले बहुतेक भाग मक्तेदारांनी पैसे न भरता आपल्या नावे करून घेतले, आणि मक्त्याची बोलणी करणारा निजामाचा अधिकारी अब्दुल हक हाच आतून हिस्सेदार निघाला. त्याने निजाम सरकारकरिता ह्याच कंपनीचे भाग चढ्या भावाने खरेदीही केले. १८८८ साली पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली तेव्हा हे उजेडात आले. त्या कंपनीने काढलेल्या कोळशाच्या खाणी पुढे सिंगरेणी ह्या नावाने सर्वांस ठाऊक झाल्या.

स्वराज्य आल्यावर हे प्रकार थांबावयास हवे होते. हेतूविषयी तर शंकाच नको. भांडवल थोडे आहे, ते चैनीच्या मालात जाऊ नये, मूठभर घराण्यांच्या हाती एकवटू नये, म्हणून १९५१ साली उद्योगांच्या नियमनाचा कायदा झाला. कारखाना काढावयास, वाढवावयास, नवा माल करावयास परवाना आवश्यक झाला. परंतु बंदी आणि तिच्यातून सूट, हा सांगाडा १७९७ च्या कायद्याचाच होता. राजगोपालाचारींनी ह्या पद्धतीला लायसन-परमिट-कोटा राज असे नाव दिले आणि १९५९ साली स्वतंत्र पक्ष स्थापन केला. तेव्हा पुष्कळांना तो धनिकांचा पक्ष वाटला. पुढे सरकारनेच नेमलेल्या अभ्यासकांनी जे लिहिले ते राजाजींच्या टीकेहून सौम्य नव्हते. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ र. क. हजारी ह्यांनी १९६७ साली दाखवून दिले की, मोठी घराणी एकेका मालासाठी अनेक अर्ज करून परवाने अडवून ठेवतात; कारखाना काढावयासाठी नव्हे, तर दुसऱ्याने काढू नये म्हणून. १९६९ साली दत्त समितीनेही असाच निष्कर्ष काढला. मोठ्यांना आवरण्यासाठी जो परवाना निर्माण झाला, त्याचा सर्वात मोठा लाभ मोठ्यांनीच घेतला होता. दिल्लीत कचेरी ठेवणे, अर्जामागे माणूस फिरविणे त्यांना परवडत होते. नांदेडच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या हुशार मिस्त्रीला ते कोठून परवडणार?

ॲन क्रूगर ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली आणखी एक मुद्दा पुढे आणला. परवानाधारकाला जो न कमावलेला लाभ मिळतो तेवढेच नुकसान होते असे नव्हे. तो लाभ मिळविण्यासाठी जी धावपळ होते, जी बुद्धी आणि जो पैसा खर्ची पडतो, तोही देशाला मुकलेला असतो. १९६४ सालच्या हिंदुस्थानात अशा लाभांची रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के भरते, असा त्यांचा अंदाज होता, आणि त्यात मोठा वाटा आयातीच्या परवान्यांचा होता. महाराष्ट्रात शरद जोशी ह्यांनी हाच विचार शेताच्या बांधावरून मांडला. १९८० च्या नाशिकच्या कांदा-ऊस आंदोलनात त्यांचे म्हणणे हेच होते की, शेतकऱ्याला सवलत नको, त्याच्या मालाचा भाव पाडणारी सरकारी बंधने तेवढी काढा.

ह्या टीकेवर एक आक्षेप येतो आणि तो टाकाऊ नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्यात व्याख्यान देताना सांगितले होते की, इंग्लंडचे अर्थशास्त्र हिंदुस्थानास जसेच्या तसे लागू पडत नाही. येथील बाल्यावस्थेतील उद्योगांना सरकारने हात दिलाच पाहिजे. निजाम सरकारने १९२९ साली औद्योगिक निधी उभारून जी मदत केली तीतून बोधनचा साखर कारखाना, सिरपूरची कागद गिरणी असे उद्योग वाढीस लागले, हे कोण नाकारील? रानड्यांचा आक्षेप मान्य केला तरी एक भेद राहतोच. जो कोणी अमुक अटी पुऱ्या करील त्याला अमुक मदत मिळेल, अमुक वर्षांनी ती बंद होईल, असा नियम वेगळा. आणि अमक्या पेढीला सूट, तीही साहेबाच्या मर्जीपर्यंत, हा हुकूम वेगळा. पहिल्यात उमेदवार मालाकडे पाहतो, दुसऱ्यात तो साहेबाकडे पाहतो. खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांनीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पामरचे व्याज बाजाराने उतरले नाही. मेटकाफने सुचविलेला उपायही कंपनी सरकारच्या हमीवर सहा टक्क्यांनी पैसे उभारण्याचा, म्हणजे सरकारीच होता. ज्या राज्यात कर्जदाराविरुद्ध दाद मागता येत नाही तेथे नुसती बंधने उठवून स्वस्त कर्ज मिळत नसते. त्यापूर्वी न्यायकचेरी उभी राहावी लागते.

१९९१ च्या जुलैत दिल्लीत जे घडले त्याचाही हैदराबादशी आणि मराठीशी थोडा संबंध आहे. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हे हैदराबाद संस्थानातले. त्यांचे काही शिक्षण पुण्यास झाले, आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. उद्योगखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. २४ जुलै रोजी नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले आणि अठरा उद्योग वगळता बाकी सर्वांचे परवाने रद्द झाले. चाळीस वर्षांची पद्धत एका दुपारी बहुतांशी संपली.

कारखानदारांनी ह्याचे स्वागत केले; निदान आरंभी केले. परवान्याची कटकट गेली तोवर सर्व ठीक होते. पण त्याबरोबर आयातकर उतरू लागले आणि परदेशी कंपन्यांना दार उघडले, तेव्हा १९९३ साली मुंबईत काही नामवंत उद्योगपती एकत्र जमले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'बॉम्बे क्लब' हे नाव दिले. देशात भांडवल महाग आहे, कर जड आहेत, अशा स्थितीत परदेशी कंपन्यांशी सामना बरोबरीचा होत नाही, ही त्यांची तक्रार होती आणि तीत तथ्यही होते. मात्र त्यांची मागणी प्रामुख्याने संरक्षण आणखी काही काळ टिकावे अशी होती. सरकारने त्यांचे ऐकून घेतले. आयातकर त्यापुढेही टप्प्याटप्प्याने खाली येत राहिले.